काकांच्या ट्रंकेतली पत्रं लावताना

फौजी माणसाने घरी पाठवलेली पत्रं पुष्कळ घरांत असतात. त्याला घरून गेलेली मात्र क्वचित मिळतात, कारण पलटण हलताना ओझं कमी करायचं तर आधी कागदच जातात. माझे काका १९७१ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जंगी पलटणीत होते, पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, जमालपूरच्या लढाईत होते. त्यांच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी सव्वीस आंतर्देशीय पत्रं निघाली. तुमच्या घरीही अशी चळत असेल, तर मी काय केलं ते सांगते.

दोरी लगेच सोडू नका. आधी गठ्ठा आहे तसा त्याचा फोटो काढा. त्यांनी ठेवलेला क्रम एकदा मोडला की परत मिळत नाही. हात धुऊन कोरडे करा. आंतर्देशीय पत्र घडीवरच फाटतं, तेव्हा एकेक घडी सावकाश उलगडा. फाटलंच तर चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पुढे पिवळा पडून कागद खराब करतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. नंबर टाकायचा तो पेन्सिलीने, कोपऱ्यात, हलक्या हाताने. फोटो खिडकीच्या उजेडात काढा आणि पत्त्याची बाजू विसरू नका.

त्या बाजूवर बरंच काही असतं. आमच्या पत्रांवर गावाचं नाव नाही, फक्त ‘केअर ऑफ ९९ ए.पी.ओ.’. ए.पी.ओ. म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, आणि ९९ म्हणजे पूर्वेकडच्या फौजेचं टपाल. काहींवर ५ पैशांचं जादा तिकीट आहे, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीचं. ते १५ नोव्हेंबर १९७१ पासून लावावं लागे, म्हणून ती पत्रं त्यानंतरची. पत्त्यात पिनकोड दिसला तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असणार नाही. ती पद्धत तेव्हा सुरू झाली, आणि ती आखणारे आपले श्रीराम भिकाजी वेलणकर.

शिक्का पुसट असेल तर मजकुरातली तिथी बघा आणि त्या वर्षाचं पंचांग मिळवा. एका पत्रावर वर नुसतं ‘मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार’ एवढंच होतं. पंचांगात तो निघाला १६ डिसेंबर १९७१. त्याच दुपारी ढाक्यात पाकिस्तानी फौजेच्या शरणागतीवर सह्या झाल्या. आजीला त्याचा पत्ता नव्हता. तिने कळवलं होतं, म्हैस व्याली, रेडी झाली, तुझ्या वाटणीचा खरवस शेजारी दिला.

हे सगळं ‘आजीने लिहिलं’ म्हणून मी नोंदवलं नाही. आजीला लिहिता येत नव्हतं. अक्षर माझं आहे, मी तेव्हा सहावीत होते. म्हणून वहीत दोन रकाने करा: सांगणारं कोण आणि लिहिणारं कोण. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. त्याच पत्राच्या शेवटी, जागा संपत आली तिथे, बारीक अक्षरात एक ओळ आहे: ‘थंडीत कानाला बांधत जावे असे सांगणे आहे.’ कोणाचं सांगणं, ते लिहिलेलं नाही. काकू दाराआड उभी होती. सासूसमोर तिला नवऱ्यासाठी एवढंच सांगता आलं, तेही माझ्या कानात. आज हे सांगणारी मी एकटी उरले आहे. तुमच्या घरातल्या अशा माणसांना लगेच विचारून घ्या.

नक्कल करताना शुद्धलेखन सुधारू नका. ‘आनेक आशिर्वाद’ असेल तर तसंच उतरवा.

पत्रं धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात ठेवा. डांबरगोळ्या नकोत, माळा नको, ओल येणारी भिंत नको. पावसाळ्यात गठ्ठा उघडू नका. दिवाळीनंतर कोरड्या दिवशी कसर लागली आहे का ते बघा.

सतरा नंबरच्या पत्राचं अक्षर अजून ओळखू आलेलं नाही. ‘तुझा दोस्त’ एवढीच सही आहे, आणि तालमीतल्या मातीबद्दल दोन ओळी. यंदा यात्रेला गावी गेले की थोरल्या आत्याला दाखवणार आहे.