वाचलेलं वेळेवर आठवावं म्हणून

बाबांना ताप आला तेव्हा घरात दोन औषधं होती, एक तापाची गोळी आणि एक सर्दीची. दोन्ही खोक्यांतले घडी घातलेले कागद मी उलगडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले होते. मी मुद्रितशोधक आहे. तेवीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं छपाईला जाण्याआधी वाचते आहे, त्यामुळे छापील कागद हातात आला की डोळे आपोआप ओळीवरून चालू लागतात. एका कागदावर ‘दिवसातून’मधला ‘दि’ दीर्घ छापला होता, तो मला लगेच दिसला. पण तापाच्या गोळीत ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे आणि सर्दीच्या गोळीतही ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच आहे, हे ध्यानात यायला दुसऱ्या दिवसाची रात्र उजाडली. तोवर दोन्ही गोळ्या दिवसातून चार-चार वेळा पोटात गेल्या होत्या. मी कागदावर बेरीज मांडली. २,६०० आणि २,००० मिळून ४,६००. निरोगी प्रौढ माणसाने चोवीस तासांत सगळ्या औषधांतून मिळून ४,००० मिलिग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल घ्यायचं नसतं, कारण त्यापुढे यकृताला धोका असतो. वय झालेल्या, वजन कमी असलेल्या माणसाला तर डॉक्टर त्याहूनही कमी सांगतात.

आम्ही रात्रीच डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, यकृत ठीक निघालं. बाबा घरी येऊन शांत झोपले. मी मात्र ते दोन कागद समोर ठेवून बसले. माहिती घरात होती, माझ्या हातात होती, मी ती वाचलीही होती. तरी ती माझ्या उपयोगी पडली नव्हती.

त्यानंतर मी वाचायची पद्धत बदलली. आता नऊ वर्षं झाली. काय करते ते सांगते.

आधी प्रश्न, मग कागद

आमच्या कामात पहिल्याच आठवड्यात शिकवतात की मजकुरात रमलात तर चूक निसटते. म्हणून मुद्रितशोधक अक्षरं बघतो. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर. पण अक्षरात रमलं की अर्थ निसटतो, हे कोणी शिकवत नाही. डोळा एका वेळी एकच गोष्ट नीट शोधतो. काय शोधायचं हे त्याला सांगितलं नाही, तर तो नुसता ओळीवरून घसरत जातो आणि पानाच्या तळाशी पोचल्यावर ‘वाचून झालं’ असं वाटतं.

म्हणून कोणताही कामाचा कागद उघडण्याआधी मी एका चिठ्ठीवर प्रश्न लिहिते. मनात धरून चालत नाही, लिहावाच लागतो. औषधाच्या कागदासाठी माझे प्रश्न ठरलेले आहेत. यातलं मूळ औषध कोणतं? (खोक्यावर कंपनीने ठेवलेलं नाव वेगळं असतं आणि मूळ औषधाचं नाव वेगळं, मूळ औषधाचंच पाहायचं.) एका गोळीत किती? दिवसभरात जास्तीत जास्त किती? घरात आत्ता चालू असलेल्या दुसऱ्या कोणत्या औषधात हेच आहे का? आणि हे कोणी घ्यायचं नाही? एवढ्या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली की कागद घडी करून परत खोक्यात. रासायनिक रचना, साठवण, उत्पादकाचा पत्ता हे त्या वेळी वाचायची गरज नाही. चौथा प्रश्न मी आधी कधी विचारलाच नव्हता, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा होता. तो कागदावर लिहिलेला नसतो, कारण तुमच्या घरात दुसरं कोणतं खोकं आहे हे कागद छापणाऱ्याला माहीत नसतं. दोन कागद शेजारी ठेवून वाचायचे, हे काम वाचणाऱ्याचंच.

कर्जाच्या कागदालाही हेच लागू. तिथे माझा पहिला प्रश्न ‘व्याज किती टक्के’ हा नसतो, ‘व्याज कशावर’ हा असतो. समजा ३६,००० कर्ज घेतलं, तीन वर्षांसाठी, १० टक्के दराने. फ्लॅट दर असेल तर व्याज पूर्ण मुद्दलावर तिन्ही वर्षं लागतं, म्हणजे ३,६०० तिपटीने १०,८००. एकूण ४६,८००, महिन्याचा हप्ता १,३००. ऐकायला सोपं. पण दर महिन्याला १,००० मुद्दल फिटत जातंय, शेवटच्या वर्षात तर निम्म्याहून बरंच कमी उरलंय, आणि व्याज अजूनही ३६,००० वरच चाललंय. उरलेल्या शिलकीवर व्याज मोजलं, तर १,३०० च्या याच हप्त्याचा दर जवळजवळ १८ टक्के निघतो. कागदावर ‘१०’ छापलेलं खरंच असतं, कोणी खोटं लिहिलेलं नसतं. पण ‘कशावर’ हा प्रश्न घेऊन न गेलेल्याला त्या १० मधला १८ दिसत नाही. हे गणित मी पहिल्यांदा सोडवलं तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले होते. शाळेतलं सातवी-आठवीचं गणित पुरतं याला. तुम्हीही एकदा वही घेऊन सोडवा, वाचून पटतं त्याहून ते फार वेगळं पटतं.

कागद बंद करून सांगायचं

दुसरी सवय मला जास्त कठीण गेली. वाचून झालं की कागद पालथा घालायचा आणि काय वाचलं ते मोठ्याने सांगायचं, नाहीतर लिहायचं. बघायचं नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, किती वेळाने किती विसरतो ते मोजलं होतं. १८८५ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला वेगाने होतं आणि पुढे मंदावतं, हे त्याला दिसलं. म्हणजे वाचल्यानंतरचा पहिला तास, पहिला दिवस हाच जपायचा असतो. मग जपायचा कसा? बहुतेक जण पुन्हा वाचतात. मीही तेच करायची. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्यानंतर मात्र उलटं झालं. पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६.

हे आकडे मी डेस्कसमोर चिकटवले आहेत, कारण पाच मिनिटांनंतरची ती फसवी खात्री माझ्या फार ओळखीची आहे. पुन्हा वाचलेलं पान ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतंच असा आपला समज होतो. पान बंद केल्यावर जिथे अडखळता, तिथे खूण करा आणि फक्त तेवढंच पुन्हा उघडून बघा. सगळं पुन्हा वाचू नका.

सांगायला माणूस असेल तर उत्तम. ऐकणाऱ्याने ‘म्हणजे काय?’ असं एकदा विचारलं की आपल्याला शब्द येत होता पण गोष्ट कळली नव्हती, हे तिथल्या तिथे उघडं होतं. मला ‘चक्रवाढ’ हा शब्द तीस वर्षं येत होता. भाचीने विचारलं तेव्हा कळलं की मला तो समजावून सांगता येत नाही. मग बसून शिकले. ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. ८ टक्क्यांना ९ वर्षं, १२ टक्क्यांना ६. हे तिला शिकवताना माझ्यात मुरलं.

गरज पडायच्या आधी

हात भाजल्यावर कोणी पुस्तक शोधायला जात नाही. त्या क्षणी जे आठवेल तेच हातून होतं, आणि आठवतं ते बहुधा कोणाकडून तरी ऐकलेलं, टूथपेस्ट लावा, बर्फ लावा असलं. भाजलेल्या जागेवर साधं थंड वाहतं पाणी २० मिनिटं सोडायचं असतं. बर्फ नाही, कसलाही लेप नाही. अंगठी-बांगडी सूज चढायच्या आत काढायची. भाजलेली जागा मोठी असेल, किंवा चेहऱ्यावर, हातावर असेल तर डॉक्टर. हे चार वाक्यांचं ज्ञान आहे, पण ते आधी वाचलेलं असावं लागतं. २० मिनिटं किती लांब असतात हेही आधी माहीत असावं लागतं, नाहीतर दोन मिनिटांत नळ बंद होतो.

म्हणून आमच्या घरात एक वही आहे. तिच्यात पुस्तकातले उतारे नाहीत. एका पानावर एकच प्रसंग आणि त्यात काय करायचं, माझ्या शब्दांत, मोठ्या अक्षरांत, सहा ओळींच्या आत. भाजणं. जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी होणं (एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा). आग लागली तर विझवायचं सिलिंडर कसं वापरायचं: पिन ओढा, नळी ज्वाळांच्या मुळाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. तेल पेटलं असेल तर पाणी अजिबात नाही. महिन्यातून एकदा आम्ही एकमेकांना पान न उघडता विचारतो. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रत्येक पानाखाली मी तारीख घालते, आणि याबद्दल मी आग्रही आहे. ज्ञान जुनं होतं. हृदय बंद पडलेल्या माणसाला मदत करताना आधी श्वासमार्ग, मग तोंडाने श्वास, मग छाती दाबणं असा क्रम पूर्वी शिकवत. २०१० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी तो बदलून छाती दाबणं पहिलं आणलं, आणि पुढे २०१५ मध्ये वेग मिनिटाला १०० ते १२० असा ठरला. जुनं पुस्तक मन लावून वाचलेल्या माणसाने जुनाच क्रम पाठ केलेला असतो. त्यामुळे पुस्तक हातात घेतलं की मी आधी मलपृष्ठ न बघता आवृत्तीचं साल बघते. आरोग्य, कायदा, कर, तंत्रज्ञान यांत साल फार महत्त्वाचं. गणित, इतिहासाची साधनं, व्याकरण यांत त्यामानाने कमी.

वेळ, आणि सूचीची पानं

‘वेळ मिळत नाही’ हे मी नेहमी ऐकते आणि ते खोटं नसतं. पण हिशोब करून बघा. इंग्रजीतल्या अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून २०१९ मध्ये असं मांडलं गेलं की प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मनात वाचताना मिनिटाला सरासरी २३८ शब्द वाचतो. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, ‘घरासमोरच्यालाही’ हा एकच शब्द, म्हणून मोजणी वेगळी पडेल. मी मिनिटाला १५० धरते. रोज १५ मिनिटं म्हणजे २,२५० शब्द, वर्षाला आठ लाखांच्या वर. दोनशे पानांच्या पुस्तकात साधारण पन्नास हजार शब्द धरले तर सोळा पुस्तकं होतात. वेग वाढवून देणाऱ्या वर्गांच्या नादी लागू नका. वेग फार वाढवला की आकलन घटतं, आणि माझ्या धंद्यात मी ते रोज बघते.

त्याऐवजी काय वाचायचं नाही ते ठरवा. माहितीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही. अनुक्रमणिका बघा, मग शेवटची सूची. मी स्वतः सूची तयार करते, एका पुस्तकाच्या सूचीला तीन-तीन आठवडे जातात, आणि वाचक ती पानं उलटूनही बघत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमचा प्रश्न चिठ्ठीवर लिहिलेला आहे ना? त्यातला मुख्य शब्द सूचीत शोधा. पान ४७, ११२, ११३. तीन पानं वाचा. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतलं (१९३१) चौथं सूत्र आहे: वाचकाचा वेळ वाचवा. सूची त्यासाठीच असते. शब्द सापडला नाही तर जवळचे शब्द शोधा, ‘ताप’ नसेल तर ‘ज्वर’. ग्रंथपालांना तर जरूर विचारा. फक्त ‘चांगलं पुस्तक द्या’ असं न म्हणता चिठ्ठीवरचा प्रश्न वाचून दाखवा.

कथा-कविता वाचताना मात्र यातलं काही करू नका. तिथे चिठ्ठी नको, घड्याळ नको, हव्या त्या पानावर थांबा.

बाबांच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. नवं औषध आलं की मी कागद मोठ्याने वाचते, पाच प्रश्नांपुरता. मग कागद पालथा घालते आणि ते मला सांगतात: यात काय आहे, किती आहे, दिवसभरात जास्तीत जास्त किती, दुसऱ्या कोणत्या खोक्यात हेच आहे. गेल्या आठवड्यात तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी ‘तीन वेळा’ म्हटलं. कागदावर दोन होतं. मी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी बरोबर, आणि खोक्यावर जाड पेनने मोठा २ काढून घेतला.