कॅलआर्ट्सला निघालात? मिकी घरीच ठेवा

'डिस्नेचं कॉलेज' एवढंच डोक्यात ठेवून मी कॅलआर्ट्सच्या, म्हणजे अमेरिकेतल्या 'कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स' या कला महाविद्यालयाच्या, कॅरेक्टर ॲनिमेशनसाठी पोर्टफोलिओ लावला होता. पहिली पंधरा पानं नुसते मिकी आणि सिंबा. डोंबिवलीतल्या आमच्या सरांनी ती उचलून बाजूला ठेवली आणि माझी लोकलमधली वही ओढली. डबा मांडीवर घेऊन पेंगणारे काका, दारात लटकलेली पोरं आणि गाडीतच मेथी निवडणारी एक बाई. तिचे नुसते हातच सहा वेळा काढलेले. "हे पाठव," म्हणाले.

इथे आल्यावर कळलं, आमचे सर वॉल्ट डिस्नेच्याच वाटेवर होते. 1929 च्या सुमारास त्याच्या स्टुडिओतल्या चित्रकारांना समोरची माणसं बघून चित्रं काढायच्या शिकवणीची गरज होती आणि फीला पैसे नव्हते. लॉस एंजेलिसमध्ये नेल्बर्ट शुनार्ड बाईंची 1921 पासूनची चित्रशाळा होती. बाईंनी उधारीवर शिकवलं. वॉल्ट स्वतः गाडी चालवत पोरांना क्लासला सोडायचा! पुढे ती शाळा डबघाईला आली तेव्हा तो पाठीशी उभा राहिला. 1961 साली ती आणि 1883 चं एक संगीत विद्यालय एकत्र करून कॅलआर्ट्सची स्थापना झाली. डिसेंबर 1966 मध्ये वॉल्ट गेला. मिळकतीतला मोठा वाटा त्याने कॉलेजला ठेवला, पण लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅलेन्सियातली आजची इमारत काही त्याला बघायला मिळाली नाही.

सगळ्या कला एका छपराखाली, ही त्याची हौस. सुरुवातीला भारतीय संगीत विभागाचे प्रमुख खुद्द पंडित रविशंकर होते. याचा फायदा उठवा. दरवर्षी स्वतःची छोटी फिल्म करावी लागते, तेव्हा आवाजासाठी ऐनवेळी धावण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात संगीतवाल्यांशी ओळख काढा. मी लाजत बसलो आणि पहिल्या फिल्मला डबे वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं पार्श्वसंगीत लागलं.

ए113 या खोलीचा फोटो सगळेच काढतात. जॉन लॅसेटर, ब्रॅड बर्ड हे ॲनिमेशनपटांचे दिग्दर्शक तिथे शिकले, म्हणून पिक्सार स्टुडिओच्या सिनेमांत तो आकडा कुठेतरी लपवलेला असतो. बाकी ती साधी वर्गखोली.

फीचं मात्र घरी आधीच बोला. खासगी कॉलेज आहे, आकडा ऐकून आईने पोळी तव्यावरच ठेवली होती. शिष्यवृत्ती किती मिळतेय हे लेखी हातात येईपर्यंत बाबांना कर्जाच्या कागदावर सही करू देऊ नका. आमच्याकडे ती घाई झाली.