परसातली घोळ: पेरणी, खुडणी आणि बंदोबस्त

कोकणात घोळ ही पालेभाजी उन्हाने मरत नाही, पाण्याने मरते. आषाढाच्या झडीत तिचे मांसल देठ मुळाशी कुजतात, म्हणून भातकापणी आटोपल्यावर, ऑक्टोबरअखेरीपासून पेरा. दिवसाला सहा तास ऊन लागेल अशी जागा हवी. माडाच्या दाट सावलीत ती नुसती लांबट, विरळ वाढते. जांभ्याच्या कातळावर माती उथळ असली तरी चालते, मात्र पाणी साचू नये. वाफा वीतभर उंच करून मातीत थोडी वाळू आणि जुनं शेणखत मिसळा. खत जास्त झालं की पाला माजतो आणि चव पाणचट होते.

बी फार बारीक असतं. चमचाभर बी वाटीभर कोरड्या वाळूत मिसळून ओल्या वाफ्यावर फेका आणि हाताने नुसतं दाबा. वर माती ओढू नका, कारण उगवायला उजेड लागतो. बी न उगवण्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. उगवेपर्यंत झारीने हलकं पाणी द्या. रोपं बोटभर झाली की वीतभर अंतर ठेवून विरळणी करा. उपटलेली कोवळी रोपं भाजीला वापरा. बी नसेल तर बोटभर देठ ओल्या वाळूत खोचा, पेरापाशी मुळं फुटतात. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ झालं तरी घोळ ते बऱ्यापैकी सोसते.

साधारण पाच-सहा आठवड्यांत खुडायला येते. खाली दोन-तीन पेरं ठेवून शेंडे कापा, म्हणजे बाजूने फुटवे येतात. सकाळी खुडलेली जास्त आंबट लागते, संध्याकाळची कमी.

खुडण्याआधी एक देठ मोडून पाहाच. पांढरा चीक आला तर ती दुधी, म्हणजे घोळीसारखं दिसणारं तण, खायची नाही. घोळीच्या देठातून पाण्यासारखा रस येतो. घोळीत ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी टाळावी.

आता बंदोबस्त. पिवळी फुलं दिसताच खुडणी वाढवा, कारण फुलामागे बोंड येतं, त्याचं टोपण उडतं आणि बी वाफाभर पसरतं. ते मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. उपटलेलं झाड ओल्या मातीवर टाकलं तर पुन्हा मुळं धरतं, आणि बोंडं असतील तर उपटल्यावरही ती पिकतात. अशी झाडं खतखड्यात टाकू नका. फरशीवर कडक वाळवून जाळा. बियाण्यासाठी एखादं झाड ठेवायचंच असेल तर ते कुंडीत, वाफ्यापासून लांब ठेवा.