ठसा आणि अंगलट पाहून मार्जारकुळातील वन्य प्राणी कसा ओळखावा?

गोव्यातील सत्तरी, सांगे किंवा काणकोण तालुक्यात कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला ओल्या मातीत पंजाचा ठसा दिसला की पाहणारा आधी त्याचा आकार पाहतो. माझ्या मते आधी नखे पाहावीत. मार्जारकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे त्यांची धार शाबूत राहते आणि ठशात ती सहसा उमटत नाहीत. कुत्र्याच्या किंवा कोल्ह्याच्या ठशात मात्र बोटांपुढे नखांच्या खुणा दिसतात. निसरड्या उतारावर तोल सावरताना मार्जारांचीही नखे बाहेर येतात, म्हणून तळव्याच्या गादीची मागची कडही न्याहाळावी. तिला तीन फुगवटे असतील आणि मधल्या दोन बोटांपैकी एक किंचित पुढे असेल, तर शंका उरत नाही.

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, ठसे टिकत नाहीत; पावसाळा सरल्यावर ओहोळाकाठची माती धुंडाळावी. ठशाशेजारी पट्टी ठेवून अगदी वरून छायाचित्र घ्यावे. पुढचा पंजा मागच्यापेक्षा रुंद आणि गोलसर असतो, कारण शिकार धरून ठेवण्याचे काम तोच करतो.

प्राणी प्रत्यक्ष दिसलाच, तर रंगाआधी पाय आणि शेपूट पाहावी. गवताळ माळावर व शेताच्या बांधावर वावरणाऱ्या रानमांजराचे पाय लांब, शेपूट आखूड आणि अंग जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. उंच गवतातून उंदीर हेरायला ही उंची कामी येते. घरच्या मांजराएवढी वाघाटी झाडावर सहज चढते. तिची शेपूट लांब असते आणि अंगावरचे ठिपके झाडीतल्या ऊनसावलीत मिसळून जातात. बिबट्याचे खांदे व मान इतकी भक्कम असतात की तो मारलेले जनावर तोंडात धरून झाडावर चढवतो, आणि फांदीवर तोल राखायला त्याची लांब शेपूट मदत करते.

पश्चिम घाटाच्या दमट, दाट अरण्यात काळा बिबट्याही आढळतो. ती निराळी जात नव्हे. तिरप्या उन्हात त्याच्या अंगावरची फुले, म्हणजे बिबट्याचे फुलांसारखे ठिपकेही दिसतात.

ठसा ताजा असेल तर माग काढत पुढे जाऊ नये, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकू नये.