तळं आटतं तेव्हा आकडे का फुगतात?

वाळवंटी तळ्यांतल्या डाफ्निया, मोइना, कोपेपॉड, ऑस्ट्राकॉड या पाण्यातल्या इवल्याशा कवचधारी जीवांवर काम सुरू करताय? जाळी कशी ओढायची, काचपट्टीवर कसं मोजायचं, हे कोणी ना कोणी शिकवेलच. माझं वर्ष ज्यात गेलं तेवढंच सांगते.

पावसाळ्यानंतर लिटरमागे 40 मोइना, उन्हाळ्याच्या तोंडावर 120. आलेख देखणा होता. मी बिनधास्त लिहून टाकलं, 'उन्हाळ्यात प्रजनन वाढतं'. दरम्यान तळ्यात पाणी एक तृतीयांशच उरलं होतं. हे वहीत होतं, डोक्यात नव्हतं. तेवढेच जीव तिसऱ्या हिश्श्यात कोंबले, तर लिटरमागचा आकडा तिप्पट होणारच. एकूण संख्येत एकाचीही भर न पडता! पुरावा त्याच पानावर होता: विद्युतवाहकता, म्हणजे पाण्याच्या खारटपणाचं माप, तीही जवळपास तिप्पट. बंद तळ्यातलं मीठ, खाली बसायला लागेपर्यंत, कुठे जात नाही. मीठ आणि मोइना एकाच पटीत वाढत असतील, तर वाढलंय काही नाही, आटलंय पाणी.

जागांचंही तेच. जीपीएसवरचं माझं 'मध्य' स्टेशन, म्हणजे नमुने घ्यायची ठरलेली जागा, ऑक्टोबरात कमरेएवढ्या पाण्यात होतं, एप्रिलमध्ये घोट्याएवढ्या. खूण जागेवरच राहिली, काठ चालत तिच्यापाशी आला. मी मध्य आणि काठ यांची तुलना करतेय असं समजत होते. प्रत्यक्षात काठाची काठाशी चालली होती. दर खेपेला खोली आणि काठापासूनचं अंतर लिहा. कंटाळा आला तरी लिहा.

प्रजनन म्हणायचं असेल तर माद्यांची अंडी मोजा. नमुने टिकवायला वापरतात त्या साध्या फॉर्मॅलिनमध्ये माद्यांचं कवच फुगतं आणि अंडी बाहेर सांडतात. फॉर्मॅलिनमध्ये साखर घालतात ती याचसाठी. दुसऱ्या वर्षी साखर घातली, तेव्हा कितीतरी माद्यांच्या पाठीवर खोगिरासारखं गडद कवच दिसलं. आत सुप्त अंडी, कोरडा काळ काढायला. ज्याला मी बहर म्हणत होते ती आवराआवर होती.

150 मायक्रॉनची जाळी तुंबत नाही म्हणून ती सुचवणारे भेटतील. ऐकू नका, नॉप्लियस, म्हणजे कोपेपॉडांची नुकती जन्मलेली पिल्लं, तिच्यातून निसटतात. आणि गाईड निवडताना शोधनिबंध मोजत बसू नका. चिखलात उतरतो का, एवढं विचारा. माझे कधी उतरले नाहीत. तळं पाहिलं असतं तर तो आलेख त्यांनी पहिल्याच दिवशी फाडला असता.

हे सगळं आधीच करून बसला असाल तरी घाबरू नका. खोलीच्या नोंदी असतील तर बरंच वाचतं. पाण्याचं क्षेत्रफळ सेंटिनेल-2 च्या फुकट मिळणाऱ्या उपग्रह चित्रांवरून काढता येतं, मग आकारमान, मग तळ्यातली एकूण संख्या. माझं पहिलं वर्ष असंच सावरलं. त्या वर्षीच्या नमुन्यांच्या बाटल्यांत तळाशी सांडलेली अंडी मात्र कुठल्या मादीची, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.