सोयाबीन पिवळं पडलंय? युरियाचं पोतं फोडायच्या आधी पानं बघा

जुलै निम्मा सरला की दरवर्षी हेच. आठ-दहा दिवस झड लागते, मग ऊन पडतं आणि सोयाबीनचे पट्टेच्या पट्टे पिवळे दिसायला लागतात, की लगेच बांधावरचा कोणीतरी सांगतो नत्र कमी पडलं, युरिया फेका. थांबा जरा. आधी शेतात उतरून बघा की पिवळं कोणतं पान झालंय, शेंड्याचं का बुडाचं.

नत्र कमी पडलं तर झाड खालच्या जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला पाठवतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात, ती पण सगळी सारखी. मॅग्नेशियमचं पण तसंच, तेही खालून सुरू होतं, फक्त शिरा हिरव्या राहतात. पालाश कमी असेल तर जुन्या पानाच्या कडा करपतात. पण लोह एकदा पानात जाऊन बसलं की तिथून फारसं हलत नाही, त्यामुळे नवीन पान उपाशी राहतं. वरची कोवळी पानं पिवळी, काही ठिकाणी पार पांढरट, आणि शिरा मात्र हिरव्यागार असतील तर ते लोहाचंच काम, ज्याला आपण केवडा म्हणतो. पिवळे-हिरवे ठिपके एकमेकांत मिसळलेले आणि झाडं विखुरलेली असतील तर तो पिवळा मोझॅक, ती झाडं उपटून नष्ट करा आणि पांढरी माशी आवरा, तिथं खत-बित काही कामाचं नाही.

आता गंमत अशी की आपल्या काळ्या चुनखडीच्या रानात लोह भरपूर असतं हो, पण असतं फेरिक रूपात, जे पाण्यात विरघळतच नाही. सोयाबीनची मुळी आम्ल सोडते, फेरिकचं फेरस करते आणि मग ते आत ओढते. पाणी साचलं की मुळीला हवा नाही आणि जमिनीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून बायकार्बोनेट वाढवतो, ते बायकार्बोनेट मुळीनं सोडलेलं आम्ल मारून टाकतं. म्हणजे कोठार भरलेलं आणि दाराला कुलूप. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, ते कामही लोहावरच चालतं. एक झाड हळूच उपटून गाठ नखानं फोडा, आत गुलाबी दिसली तर गाठ चालू आहे, आणि तो गुलाबी रंगही लोहाचाच. अशा गाठी असताना युरिया टाकला तर त्या आळशी होतात, पाला माजतो, वर अळीला आमंत्रण.

मग करायचं काय, तर पहिलं काम फवारणी नाही, पाणी काढणं. चर मारा, वाफसा आला की कोळपणी करा, मुळीला हवा मिळाली की बऱ्याच ठिकाणी पीक आपोआप हिरवं होतं. आठवड्यात फरक नाही पडला तर हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, 10 लिटर पाण्याला 50 ग्रॅम. बोअरचं पाणी जड असतं, म्हणून आधी पाण्यात 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा आणि मगच हिराकस टाका, नाहीतर बादलीतच पाणी गंजासारखं तांबडं होतं आणि ते फवारून उपयोग शून्य. हिराकस घेताना पण हिरवट खडे बघून घ्या, पिवळट-तपकिरी झालेला जुना माल नको. 19:19:19 किंवा 12:61:0 या विद्राव्य खतांसोबत अजिबात मिसळू नका, स्फुरद लोहाला धरून खाली बसतं. डोस वाढवला तर पानं करपतात. फवारणी सकाळी नाहीतर चारनंतर, आणि लोह हलत नसल्यामुळे नवीन पानांसाठी 8-10 दिवसांनी परत एक घ्यावीच लागते.

शंका असेल तर अख्खं रान फवारू नका, चार-पाच झाडांच्या शेंड्याच्या पानांवर हे हिराकसचं पाणी बोळ्यानं पुसा आणि खूण बांधून ठेवा. चार-पाच दिवसांत तेवढीच पानं हिरवी झाली तर निदान पक्कं.

चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या पदार्थानं धरून विरघळलेलं ठेवलेलं लोह, घेणार असाल तर त्यातलं ईडीटीए फवारणीला ठीक, पण चुनखडीच्या जमिनीत ते टिकत नाही, जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं. महाग आहे, सोयाबीनला परवडेल का ते ज्याचं त्यानं बघावं, माझ्या मते नाही. त्यापेक्षा पुढच्या पेरणीआधी एकरी 10 किलो हिराकस शेणखतात चांगलं मुरवून द्या.

आणि आत्ताच शिवारात एक फेरी मारा. तशाच चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांच्या रानात शेजाऱ्याचं कोणतं वाण हिरवं राहिलंय ते विचारून लिहून ठेवा, वाणावाणात यात बराच फरक पडतो.