फोमच्या फ्लायने ब्लूगिल आणि बास कसे पकडावेत

अमेरिकेतल्या उपनगरांत, मग ते न्यू जर्सीतलं एडिसन असो की ह्यूस्टनची बाहेरची वस्ती, पावसाचं पाणी साठवायला खोदलेली तळी जागोजागी दिसतात. त्यांतल्या बऱ्याच तळ्यांत ब्लूगिल आणि लार्जमाउथ बास हे गोड्या पाण्यातले मासे असतात. फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर बांधलेल्या किड्यासारख्या नकली आमिषाने (फ्लायने) मासे पकडणं, म्हटलं की लोकांना डोंगरातली नदी, ट्राउट आणि महागडा रॉड आठवतो. इथे त्यातलं काही लागत नाही. दोन मिलिमीटर जाडीच्या फोमचा तुकडा, चार रबरी पाय आणि हात आवरायची सवय एवढ्यावर काम भागतं. हात आवरणं हेच यातलं अवघड आहे, म्हणून बाकीचं आधी उरकून घेऊ.

परवाना काढा. सार्वजनिक पाण्यावर न्यू जर्सीत 16 ते 69 वयाच्या माणसाला तो लागतो, टेक्सासात 17 व्या वर्षापासून. तळं वसाहतीचं असेल तर तिथल्या कमिटीला वेगळं विचारा.

रॉड 9 फुटी, 5-वेट (वेट म्हणजे रॉड किती जड लाइन पेलतो त्याचा नंबर). लाइन तरंगती, वेट-फॉरवर्ड (पुढचा भाग जड असलेली). लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा निमुळता पारदर्शक दोरा) साडेसात फुटी. ब्लूगिलसाठी टोकाला 4एक्स टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक दोरा; एक्सचा आकडा वाढतो तसा तो बारीक होतो), बाससाठी 0एक्स किंवा 1एक्स. टिपेट नायलॉनचंच घ्या. दुकानदार फ्लुरोकार्बन पुढे करेल, ते पाण्यावरच्या फ्लायला निरुपयोगी आहे: ते बुडतं आणि फ्लायचं नाक खाली ओढतं. बाससाठी 2 किंवा 4 नंबरच्या गळावरचे गलेलठ्ठ पॉपर (ओढल्यावर पाण्यावर ‘पॉप’ आवाज करणाऱ्या फ्लाय) फेकायचे असतील तर 7 किंवा 8-वेट हवा. 5-वेटने ते हवा कापत जात नाहीत, लाइन पुढ्यात गोळा होऊन पडते.

फ्लाय घरी बांधा. ब्लूगिलला 10 नंबरचा लांब दांडीचा गळ (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो), बासला 4 किंवा 6. फोमची पट्टी गळाचं टोक आणि दांडी यांच्यात जेवढी फट असते तेवढीच रुंद कापा. रुंद पट्टी दुमडली की ती फट बुजते; मग मासा फ्लाय तोंडात घेतो आणि टोक लागतच नाही. फोम नुसत्या दांडीवर आवळला तर दोन मासे झाल्यावर गोल फिरायला लागतो, म्हणून आधी दांडीवर दोऱ्याचे वेढे भरून घ्या, त्यावर सुपरग्लूचा थेंब, मग फोम. पहिले दोन वेढे सैल, तिसरा आवळून. पहिलाच आवळलात तर दोरा फोम कापतो. पाय दोन्ही बाजूंना सारख्या लांबीचे ठेवा, नाहीतर फ्लाय हवेत भिरभिरते आणि टिपेटला पीळ पडतो. रंगावर डोकं खपवू नका. काळा किंवा पिवळा पुरे, आणि पाठीवर नारिंगी फोमचा ठिपका, तो आपल्याला दिसावा म्हणून. माशाला तो ठिपका दिसतही नाही.

पाणी 70 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 21 सेल्सिअसच्या आसपास आलं की ब्लूगिल काठाजवळ येतात. दोन ते चार फूट खोलीवर तळाशी गोल, फिकट खळगे दिसतील, पंगतीला ताटं मांडल्यासारखे एकमेकांना लागून. ती त्यांची घरटी. बास मात्र सकाळी लवकर आणि दिवेलागणीला, गवताच्या कडेला किंवा पडलेल्या झाडाच्या सावलीत शोधा. वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ येईल अशा काठावर उभे राहा, तिथलं पाणी शांत असतं. टोपी आणि चष्मा घालूनच गळ हवेत न्या. पंचवीस-तीस फुटांची फेक पुरते.

आता मुख्य गोष्ट. फ्लाय पाण्यावर पडल्यानंतरची पंधरा सेकंदं.

साचलेल्या पाण्यावर लाइन सरळ पडत नाही, नागमोडी पडते. अशा वेळी लाइन ओढली तर फक्त वळणं सरळ होतात, फ्लाय जागची हलत नाही. मग माणूस आणखी जोरात ओढतो, फ्लाय एकदम फूटभर पळते आणि मासा बिथरतो. म्हणून फ्लाय पडली की रॉडचं टोक खाली, पाण्याला टेकेल इतकं खाली. टोक हातभर वर राहिलं तर मधली लोंबती लाइन झोका घेते आणि तुमची अर्धी ओढ गिळते. लाइन रॉडच्या हाताच्या तर्जनीखाली दाबा आणि ढील हळूहळू गोळा करा, फ्लाय न हलवता.

मग थांबा. फ्लाय पडल्याची वलयं पूर्ण विरेपर्यंत काहीही करू नका. या वेळात ब्लूगिल खालून येऊन फ्लायच्या बोटभर खाली उभा राहतो आणि नुसता बघतो. वलयं विरली की लाइन इंच-दीड इंच ओढा. फ्लाय जागा सोडता कामा नये, फक्त तिचे पाय थरथरले पाहिजेत. किती ओढलं की इतकंच होतं हे अंदाजाने कळत नाही. काठापासून दहा फुटांवर, डोळ्यांसमोर, दहा-वीस वेळा करून बघा आणि हाताला ते माप बसवा. मग परत थांबा, मनात दहा मोजा. फ्लाय सतत टुकटुक हलवत ठेवा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. ब्लूगिल बहुतेक वेळा हलण्यानंतरच्या थांब्यात फ्लाय घेतो.

घेतल्यावर काय करायचं हे दोन माशांसाठी वेगळं आहे, आणि इथेच बहुतेकांचे मासे सुटतात. ब्लूगिलचं तोंड इवलंसं. तो ‘चक्’ असा आवाज करत फ्लाय पाण्यासकट ओढून घेतो आणि फोम आहे हे कळताच थुंकतो. त्यामुळे आवाज झाला की लगेच मनगटाने रॉड वीतभर वर, जास्त नाही. आवाज येतो पण मासा लागत नाही, असं लागोपाठ होत असेल तर तो पाय कुरतडतोय. कात्रीने पाय निम्मे करा, तरी लागला नाही तर 12 नंबरच्या गळावर या.

बासला नेमकं उलट. पाणी फुटलेलं दिसलं की कोकणात गरवण्याची सवय असलेला हात आपोआप वर उचलला जातो आणि फ्लाय माशाच्या तोंडातून निघून कानाशी येते. पाणी फुटलं तरी रॉड हलवू नका. लाइन ताठ होऊन वजन हाताला लागेपर्यंत थांबा, मग रॉड माशाच्या दिशेला रोखलेलाच ठेवून डाव्या हाताने लाइन सपाट, लांब खेचा. डावखुऱ्यांनी उजव्या. याचा दुसरा फायदा असा की नेम चुकला तरी फ्लाय पाण्यातच राहते. तिला तशीच पडू द्या, बास बरेचदा पुन्हा येतो.

ब्लूगिल हातात घेताना हात ओला करा आणि डोक्याकडून शेपटीकडे सरकवा, म्हणजे पाठीवरचे काटे मिटतात. उलट दिशेने हात घातलात तर तळहातात घुसतात. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकलेला असावा. आत गेलेला गळ चिमट्याने सुटत नसेल तर टिपेट कापून मासा सोडा. बासला खालच्या ओठाला अंगठा लावून उचलतात. त्याचे दात कानशीसारखे खरखरीत असतात, चावत नाहीत, पण मोठा बास आडवा धरायचा तर पोटाखाली दुसरा हात हवाच. छाती नारिंगी झालेले मोठे ब्लूगिल घरट्यावरचे नर असतात, पिलांची राखण तेच करतात. ते पाण्यात परत सोडा, खायचे तर मधल्या आकाराचे घ्या.

भर दुपारी ब्लूगिल वर येईनासे झाले तर फ्लाय बदलत बसू नका. तिच्याच गळाच्या वळणाला दीड फूट 4एक्स टिपेट बांधून खाली 12 नंबरची छोटी निंफ (पाण्याखालच्या किड्यासारखी, बुडणारी फ्लाय) लटकवा. वरची फोमची फ्लाय आता तरंग्याचं काम करते. ती बुडायची वाट बघू नका, जराशी आडवी सरकली तरी उचला.